मुक्कामाची आठवण

कांद्याचा हंगाम भरात असताना लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात रात्री एक फेरी मारावी. दिवसाचा गलबला ओसरलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या लिलावास आपला माल वेळेवर उभा राहावा म्हणून लांबच्या खेड्यांतून निघालेले कित्येक शेतकरी रात्रीच येऊन दाखल होतात. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रॅक्टर असतात. पण रात्र काढण्याची रीत फारशी बदललेली नाही. कोणी ट्रॉलीखाली घोंगडी पसरतो, कोणी गोण्यांवरच पाठ टेकतो, कोणी चहाच्या टपरीशेजारी उकिडवा बसून उजाडण्याची वाट पाहतो. १९४७ साली स्थापन झालेली ही बाजार समिती कांद्याच्या उलाढालीसाठी आशिया खंडात नावाजलेली आहे. परंतु तेथे उघड्यावर निजणाऱ्यास त्या लौकिकाची ऊब मिळत नाही. टपरीवाल्याने न मागता पुढे केलेला चहाचा पेला मात्र त्याच्या पुष्कळ दिवस लक्षात राहतो.

लासलगावच्या स्थानकावरून पश्चिमेस निघालेला प्रवासी नाशिक, इगतपुरी व थळघाट मागे टाकून काही तासांत मुंबईस पोहोचतो. तेथे समुद्राच्या काठी अशी हॉटेले उभी आहेत की, भाव कोसळलेल्या दिवसांत कांद्याने भरलेली अख्खी ट्रॉली विकली तरी तेथील एका रात्रीचे भाडे निघेलच असे सांगता येत नाही. घोंगडीपासून संगमरवरापर्यंतचे हे अंतर मोठे आहे खरे. तथापि घर सोडून परठिकाणी रात्र काढणाऱ्या मनुष्याच्या गरजा दोन्हीकडे सारख्याच असतात. डोक्यावर छप्पर हवे, अंगाखाली अंथरूण हवे, आणि आपण येथे कोणास नकोसे झालेलो नाही, एवढी खात्री हवी. पहिल्या दोन गोष्टी पैशाने मिळतात. तिसरी पैशाने मिळतेच असे नाही. आणि गंमत अशी की, मुक्काम संपून वर्षे लोटल्यावर मनुष्याच्या स्मरणात बहुधा ती तिसरी गोष्टच उरते. काही गाजलेल्या मुक्कामांच्या हकीकती ह्या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत.

मुंबईतील पहिल्या प्रतीच्या हॉटेलांची कथा काळ्या घोड्याजवळच्या एका लोखंडी इमारतीपासून सुरू करावी लागते. जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ती बांधविली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश ह्या इंग्रज अभियंत्याचा होता. लोखंडी खांब व तुळया विलायतेत ओतवून घ्यावयाच्या, जहाजात घालून मुंबईस आणावयाच्या आणि येथे एकमेकींस जोडून इमारत उभी करावयाची, असा तो अपूर्व खटाटोप होता. १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सांगाडा उभा राहिला आणि लवकरच तेथे 'वॉटसन्स हॉटेल' नांदू लागले. शहरातील सर्वांत दिमाखदार हॉटेल म्हणून त्याची कीर्ती झाली. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली तीही येथेच, ७ जुलै १८९६ रोजी. पाहुणे म्हणून मात्र येथे गोऱ्यांनीच उतरावे, असा दंडक होता. हिंदी माणूस त्या दारातून आत जाई तो ओझे वाहण्यास, पंखा ओढण्यास किंवा ताट उचलण्यास.

त्याच १८९६ च्या जानेवारीत अमेरिकेचा जगद्विख्यात विनोदी लेखक मार्क ट्वेन ह्या हॉटेलात उतरला. वयाची साठ वर्षे पुरी झालेली, व्यवहारात बूड आलेले, डोक्यावर कर्जाचा डोंगर. तो फेडण्यासाठी व्याख्याने देत तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला होता. बरोबर पत्नी व एक मुलगी होती. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ह्या मुक्कामाची हकीकत लिहून ठेविली आहे, आणि आनंद व विषाद एकाच खोलीत कसे शेजारी शेजारी नांदतात, ह्याचा तो उत्तम दाखला आहे.

आरंभ सारा आनंदाचा. हॉटेलच्या दालनांतून पागोटी, फेटे व भरजरी टोप्या ह्यांची नुसती दाटी झालेली पाहून लेखक हरखून गेला. भोजनगृहात प्रत्येक पाहुण्याच्या खुर्चीमागे त्याचा खासगी नोकर उभा. आणि त्याचा वेष असा की, अरबी भाषेतील सुरस कथांमधूनच तो बाहेर पडला असावा. खोलीकडे जाताना तर हमालांची मिरवणूकच निघाली. एकेकाच्या हाती एकेकच वस्तू. कोणाकडे ओव्हरकोट, कोणाकडे छत्री, कोणाकडे चिरुटांची पेटी, कोणाकडे एखादी कादंबरी, आणि सर्वांत शेवटच्याच्या हाती केवळ एक पंखा. प्रत्येकाने आपापली वस्तू गंभीरपणे खाली ठेवली आणि बक्षिशीची वाट पाहत स्वस्थ उभा राहिला. सज्जात येऊन बसणाऱ्या आगाऊ कावळ्यांवर तर त्या विनोदपंडिताचे जणू प्रेमच बसले. पहाटे पाच वाजल्यापासून नोकरांच्या आरोळ्या, दारांची आदळआपट व पायऱ्यांवरची धावपळ ह्यांनी हॉटेलात जो हलकल्लोळ माजे, त्याचेही वर्णन त्याने हसत हसत केले आहे. खोकल्याने अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास निजू न देणारे हॉटेल म्हणजे खरे तर तक्रारीचाच विषय. परंतु त्याने ती तक्रार विनोदावर नेली.

एका गोष्टीचा विनोद मात्र त्याच्याने करवला नाही. खोली लावून देण्यासाठी एक धिप्पाड जर्मन गृहस्थ बरोबर आला होता. सज्जाकडील काचेच्या दाराशी एक हिंदी नोकर गुडघे टेकून काही काम करीत होता. ते काम जर्मनाच्या मनास आले नाही. काय चुकले हे सांगण्यापूर्वीच त्याने त्या नोकराच्या जबड्यावर एक तडाखा दिला आणि मग चूक सांगितली. नोकराने तो निमूटपणे सोसला. त्याच्या मुद्रेवर रागाची रेषही उमटली नाही.

मार्क ट्वेन लिहितो की, पन्नास वर्षांत असा देखावा त्याच्या दृष्टीस पडला नव्हता. एका क्षणात तो मुंबईच्या त्या खोलीतून उठून आपल्या बालपणीच्या मिसुरी प्रांतातील खेड्यात जाऊन पोहोचला. तेथे गुलामगिरी होती, आणि गुलामास आपली इच्छा समजावून देण्याची हीच रूढ पद्धत होती. त्याचा बाप मोठा सौम्य मनुष्य. मुलावर त्याने उभ्या आयुष्यात दोनदाच हात टाकला. पण तोही घरच्या गुलाम पोरास क्षुल्लक चुकीसाठी चापट मारी. दहा वर्षांचा असताना एका माणसाने रागाच्या भरात गुलामावर लोखंडाच्या धातूचा गोळा फेकलेला व त्याने तो गुलाम तासाभरात मेलेला त्याने पाहिला होता. ते सारे त्या एका तडाख्यासरशी परत डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या काळी ती रीत आपणास स्वाभाविक वाटे, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो. आणि तरीही मार खाणाऱ्याबद्दल दुःख व मारणाऱ्याबद्दल लाज तेव्हाही वाटत असे, हेही सांगतो.

त्या जर्मनास त्याने अडविले, असे मात्र त्याने कोठेही लिहिलेले नाही. बक्षीस देणारा पाहुणा उदार असतो, मार पाहणारा पाहुणा बहुधा गप्प असतो. त्याला झालेला मनस्ताप खरा होता, ह्यात शंका नाही. परंतु नोकराच्या वाट्यास त्यातून काही आले नाही. ऐषारामी मुक्कामाची ही अडचण नेहमीचीच आहे. आपल्या सुखासाठी कोणाच्या पाठीवर काय पडते, हे पाहुण्यास क्वचितच दिसते; आणि दिसले तर काय करावे हे सुचत नाही. पुढे हाच लेखक मुंबईहून रेल्वेने अलाहाबादेस गेला. दोन रात्री, एक दिवस व आणखी काही तास, असा तो प्रवास. पण त्याने तो मोठ्या आवडीने केला व त्याचा त्यास शीणही वाटला नाही. लासलगावचे स्थानक त्याच जबलपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. संगमरवरी फरशीपेक्षा आगगाडीच्या डब्यातील बाक सुखाचे ठरावे, हे नवल नाही; तेथे कोणी कोणास त्याच्या डोळ्यांदेखत मारीत नव्हते.

वॉटसनच्या हॉटेलचे पुढे हॉटेलपण गेले. इमारतीस 'एस्प्लनेड मॅन्शन' असे नाव पडले, आत कचेऱ्या व बिऱ्हाडे आली, आणि २००५ साली तिच्या सज्जाचा एक भाग कोसळला. ज्या दाराशी कोणास आत घ्यावे व कोणास नाही ह्याचा कडक पहारा असे, ते दारच अखेर धोक्याचे म्हणून ओळखले जाऊ लागले.

ह्याच हॉटेलशी दुसऱ्या एका हॉटेलच्या जन्माची आख्यायिका जोडली जाते. जमशेटजी टाटा ह्यांस हिंदी म्हणून वॉटसनच्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, असे घरोघर सांगतात. ह्या कथेस भक्कम पुरावा नाही. मुंबईस शोभेल असे हॉटेल नाही ही खंत, १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगाने शहराची गेलेली कळा, आणि आपल्या नगरीवरील प्रेम, एवढी कारणेही जमशेटजींसारख्या पुरुषास पुरेशी होती. तरीसुद्धा ती आख्यायिका लोकांनी इतकी वर्षे जिवापाड जपली, ह्यालाही अर्थ आहे. दारातून परतविले जाण्याचे दुःख ज्या समाजास ठाऊक असते, त्यालाच अशी कथा आवडते.

जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची जागा १८९८ साली घेतली. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा ह्या हिंदी स्थापत्यविशारदांचा. वैद्य निवर्तल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रजाने काम तडीस नेले. इमारत चुकून पाठमोरी बांधली गेली व त्या दुःखाने शिल्पकाराने जीव दिला, ही जी गोष्ट सांगतात ती निव्वळ दंतकथा होय. सामानासाठी जमशेटजी स्वतः युरोपभर हिंडले. विजेचे दिवे, पंखे, उद्वाहक, बर्फ व सोडावॉटर तयार करणारी यंत्रे, तुर्की पद्धतीची स्नानगृहे, असा त्या काळच्या मुंबईस नवखा थाट त्यांनी मांडला. भगिनींनी त्यांस विचारले म्हणे, "खरेच का तुम्ही भटारखाना काढणार?" पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था व विजेचे केंद्र ह्यांची स्वप्ने पाहणाऱ्या भावाने मध्येच खानावळीच्या फंदात का पडावे, हे त्यांस उमगले नसावे. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेलचे दार उघडले. पहिल्या रात्री अवघे १७ पाहुणे होते, असे सांगतात. जमशेटजी पुढच्याच वर्षी वारले. परंतु पैसे मोजणाऱ्या हिंदी गृहस्थास पहिल्या प्रतीच्या हॉटेलात ताठ मानेने शिरता येईल, एवढी सोय ते करून गेले.

ताजमधील मुक्कामांच्या कथा असंख्य आहेत. सरोजिनी नायडू ह्यांचा मुंबईतील मुक्काम तेथे असे, आणि त्यांच्या दालनात कवी, पुढारी व तरुण कार्यकर्ते ह्यांची वर्दळ लागलेली असे. हॉटेलातही घर वसविता येते, हे त्यांनी दाखविले. त्याच छपराखाली, १९२८ साली, बॅरिस्टर जिना ह्यांच्या पत्नी रत्तनबाई पतीपासून वेगळ्या होऊन राहिल्या होत्या. मुंबईच्या श्रीमंतीत वाढलेली, एके काळी साऱ्या शहराचे डोळे दिपविणारी ही तरुणी आजारी व एकाकी झाली होती. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या २९व्या वाढदिवशीच, ती निवर्तली. हॉटेल तेच, समुद्र तोच, सेवाही तीच. पण एकीस जो मुक्काम मेळ्यासारखा वाटला तो दुसरीस ओसाड वाटला असेल. खोलीचे भाडे भरून सेवा मिळते, सोबत मिळत नाही.

परंतु निदान त्या खोलीचे दार रत्तनबाईंस उघडे होते. ज्यांस ते उघडेच नव्हते, त्यांची हकीकत निराळी आहे. लासलगावाहून येवला काही फार दूर नाही. त्या येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मास आलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यापूर्वी नाशिकास १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. ह्या घोषणेमागे अनुभवांची जी शिदोरी होती, तीत एका मुक्कामाचीही आठवण होती. बाबासाहेबांनी ती घटनेनंतर अठरा वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या टिपणांत लिहून ठेविली.

गोष्ट १९१७ सालची. न्यूयॉर्क व लंडन येथील विद्याभ्यास करून परतलेले बाबासाहेब बडोदे संस्थानात नोकरीसाठी आले. त्यांस विलायतेस धाडणारे महाराज सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावचे. राजाचा आश्रय होता, पदवी होती, अधिकाराची जागा होती. नव्हती ती केवळ निजण्यास जागा. हिंदूंच्या हॉटेलात जात विचारली जाणार हे उघड होते. म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. पारश्याखेरीज कोणास राहता येणार नाही, असे तेथील रखवालदार म्हणाला. अखेर पारशी नाव धारण करून नोंदवहीत लिहावे व दिवसास दीड रुपया द्यावा, असा तोडगा निघाला. पुष्कळ दिवसांत पाहुणा न आल्यामुळे रखवालदारासही चार पैशांची गरज होती.

ते विश्रामगृह कसे होते? वर एक लहानशी खोली, शेजारी स्नानाची जागा, आणि बाकी सारे मोठे दालन मोडक्या खुर्च्या, बाके व फळ्या ह्यांच्या अडगळीने भरलेले. रात्री मिणमिणता कंदील. बोलण्यास कोणी नाही. दालनात वटवाघळांचा संचार; त्यांच्या फडफडीने अंगावर शहारे येत. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस घालविलेला तो तरुण पुस्तकात मन रमविण्याची खटपट करी, आणि निदान डोक्यावर छप्पर तरी आहे, असे स्वतःस समजावी. मुंबईहून सामान घेऊन भाचा आला, तेव्हा मामाची ही दशा पाहून तो रडू लागला. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्याच्या तयारीत असता जिन्यावर पावले वाजली. हाती काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. तू कोण, पारश्याचे नाव कसे घेतलेस, विश्रामगृह बाटविलेस, अशा प्रश्नांचा व शिव्यांचा भडिमार झाला. आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला.

त्या दिवशी त्यांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. म्हणजे दोष एकट्या पारश्यांचा नव्हता. ज्या पारशी समाजात ताजचे दार हिंदी माणसास उघडणारे जमशेटजी जन्मले, त्याच समाजातील काही जण काठ्या घेऊन आले, आणि ज्या हिंदू समाजाने काठीची गरजच ठेविली नाही, त्याच्या हॉटेलाकडे तर ते फिरकलेही नव्हते. अखेर त्या थोर विद्वानाने सार्वजनिक बागेत पाच तास बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. डोळे पाणावल्यावाचून तो दिवस आठवत नाही, अशा आशयाचे शब्द त्यांनी अठरा वर्षांनंतरही लिहिले आहेत.

आपल्याकडे अतिथिसत्काराची थोरवी फार गाइली जाते. ती खोटी नाही. लासलगावच्या उत्तरेस चांदवडला ज्यांचा रंगमहाल आहे, त्या होळकरांच्या घराण्यातील अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा, घाट व विहिरी बांधून वाटसरूंची सोय केली. पण धर्मशाळेच्या पायरीवरही जात विचारली जात असे, हेही तितकेच खरे. अतिथीस देव मानणाऱ्या समाजाने कोणास अतिथी मानावयाचे, ह्याची यादी मात्र फार आखूड ठेविली होती.

ती यादी कायद्याने रद्द झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतः डॉ. आंबेडकर होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम पाहावे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे ह्यांत जाण्यास अटकाव करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या मूळ कायद्यात, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, 'हॉटेल' हा साधा शब्द आला आहे. ज्यांनी कधी दारातून परत फिरण्याचा प्रसंग अनुभवला नाही, त्यांस तो शब्द तेथे किरकोळ वाटेल. ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस तो कोणत्याही झुंबरापेक्षा अधिक लखलखीत दिसेल.

१९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी नागपुरास गेले, तेव्हा त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी त्यांस तेथे येऊन भेटले. दर्शनासाठी लोकांची रीघ लागली. नोंदवहीत खोटे नाव लिहिण्याचे कारण आता उरले नव्हते. श्याम हॉटेल काही राजवाडा नव्हे. पण बडोद्यापासून नागपूरपर्यंतच्या ३९ वर्षांचा विचार केला म्हणजे त्या साध्या मुक्कामाची किंमत कळते. आणि १४ ऑक्टोबरच्या सोहळ्यासाठी खेड्यापाड्यांतून, कित्येक तर पायी, आलेले लक्षावधी लोक कोठे उतरले होते? ज्यास जेथे जागा मिळाली तेथे, बहुतेक उघड्यावर. त्यांच्या फडक्यात भाकरी होती व डोक्यावर आकाश. तरी आपण येथे नकोसे नाही, ही खात्री त्यांस त्या रात्री होती. आणि मुक्काम सुखाचा होण्यास तेवढे पुरले.

आता पुन्हा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलकडे वळावे लागते, कारण मुक्कामाची सर्वांत दारुण रात्र त्या वास्तूच्या कपाळी लिहिलेली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आत घुसले आणि तीन दिवस गोळीबार, स्फोट व आगी चालल्या. पाहुण्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या मिळून तीसच्या आसपास लोकांचे प्राण गेले. त्या वेळी मागील दारांचे व जिन्यांचे मार्ग कर्मचाऱ्यांस पुरते ठाऊक होते. मनात आणते तर ते प्रथम निसटू शकले असते. पण स्वयंपाकघरातील आचारी, वाढपी व दूरध्वनीवर बसणारी मंडळी पाहुण्यांस सोडून गेली नाहीत. त्यांनी पाहुण्यांस भटारखान्याच्या वाटेने बाहेर काढले, मधे आपली कडी उभी केली, आणि कित्येकांनी त्यातच देह ठेविला. हॉटेलच्या मुख्य व्यवस्थापकाची पत्नी व दोन मुले त्याच इमारतीत आगीत सापडून गेली. तो मात्र लोकांस वाचविण्याच्या कामी उभाच राहिला. एके काळी बहिणीने ज्यास हसून 'भटारखाना' म्हटले, तोच त्या रात्री कित्येकांच्या सुटकेची वाट झाला.

११२ वर्षांपूर्वी, तेथून हाकेच्या अंतरावर, एका नोकराने पाहुण्यादेखत मुकाट्याने मार सोसला होता. त्या नोकराचे नाव कोणी विचारले नाही. २००८ च्या त्या रात्री नोकरच पाहुण्यांची ढाल झाले. त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करताना मोठमोठ्या देशांच्या धनिकांस संकोच वाटला नसेल. मात्र असे कर्तव्य पगाराने विकत घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. ज्यांस माणूस म्हणून वागविले जाते, तेच असे वागू शकतात.

आणि त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या प्रवासी दालनातही मृत्यू फिरत होता. लांबच्या गाड्यांची वाट पाहत, गाठोडी उशाला घेऊन फरशीवर टेकलेल्या गोरगरीब प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेथे ५० हून अधिक लोक मारले गेले. म्हणजे ताजहूनही अधिक. लासलगाव, मनमाड, भुसावळ ह्या बाजूंच्या गाड्याही त्याच स्थानकातून सुटतात. त्या फरशीवरचा मुक्काम कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नव्हता. पण विष्णु झेंडे नावाचा एक उद्घोषक ध्वनिक्षेपकासमोर बसून राहिला, आणि कोणत्या बाजूस जाऊ नये, कोणत्या वाटेने बाहेर पडावे, हे वारंवार सांगत राहिला. त्याच्या आवाजाने अनेकांचे प्राण वाचले. यजमानाचे कर्तव्य एका आवाजानेही पार पाडता येते, हे त्या रात्री दिसले.

ताजचा नवा मनोरा त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरास उघडला आणि जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा नांदती झाली. झुंबरे परत लागली, गालिचे परत पसरले. आता मध्यम स्थितीतील कुटुंबेही लग्नाच्या वाढदिवशी, मुलाच्या यशानिमित्त, एखादी रात्र अशा हॉटेलात काढतात. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतही थाटाची विश्रामस्थाने उभी राहिली आहेत. हे सुख घ्यावे. त्यात गैर काही नाही. घरी परतल्यावर मात्र मुलांस एक प्रश्न विचारून पाहावा. खोली आवरावयास कोण येत होते, त्याचे नाव काय? बहुधा मुलांस पोहण्याच्या तलावाची खोली सांगता येते आणि ते नाव सांगता येत नाही. पुढच्या मुक्कामी ते विचारून घ्यावे. त्यास पैसे पडत नाहीत, आणि मार्क ट्वेनच्या त्या खोलीत जे कोणाच्याने झाले नाही त्यातील थोडे तरी होते.

लासलगावच्या आवारात तोवर फटफटू लागलेले असते. टपरीवर पहिला चहा उकळतो. ट्रॉलीखाली निजलेला शेतकरी घोंगडी झटकून उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि आपल्या कांद्याशी जाऊन उभा राहतो. लिलाव बोलणारे येतात. दुपारपर्यंत तो माल मोठ्या शहरांच्या वाटेस लागतो. दोन-चार दिवसांनी एखाद्या नामांकित हॉटेलच्या भटारखान्यात तो चिरलाही जातो. पाहुणे ताटावर बसतात आणि तृप्त होतात. ज्याच्या कष्टाने ते ताट सजले, त्याची मागची रात्र कोठे गेली, हे त्यांपैकी कोणी विचारीत नाही. बाजारात शेतकऱ्यास अंग टेकावयास कोरडी जागा, स्वच्छ पाणी व एक दिवा एवढे मिळाले, तर त्याचाही मुक्काम आठवणीत ठेवण्यासारखा होईल. त्यास झुंबराची अपेक्षा नाही.